लॅन वायर जोडली, दिवा लागला, तरी समोरचा कॉम्प्युटर दिसेना

सांगलीत दिवाळीचा पाडवा आणि मार्चअखेर या दोन वेळा ठरलेल्या. गणपती पेठेत, मार्केट यार्डात, वखारभागात कुणी ना कुणी नवा कॉम्प्युटर आणतो, आणि जुन्यातलं सगळं नव्यात घ्यायचं असतं. टॅली, बिलांच्या एक्सेल, लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सगळंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून तर मुहूर्ताची वाटही कुणी बघत नाही. पेनड्राइव्हच्या फेऱ्या मारून कंटाळा आला की कुणीतरी म्हणतं, "दोन्हीला एक वायर लाव की. डायरेक्ट जाईल सगळं."

जातंच. पण त्याआधी अडतं, आणि अडायच्या जागा ठरलेल्या आहेत. वायर जोडली, दिवा लुकलुकतोय, पण 'नेटवर्क'मध्ये समोरचं मशीन नाही. किंवा मशीन दिसतं आणि पासवर्ड मागतं, जो कुणी कधी ठेवलेलाच नाही. किंवा काल संध्याकाळी व्यवस्थित चाललं होतं आणि आज सकाळी पुन्हा सगळं गायब. मग माणूस दिसेल ते बटण दाबत सुटतो. फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद, अँटिव्हायरस काढून टाक, शेवटी विंडोजच नवीन टाक. यातलं काहीही करायची गरज नसते.

आधी एक गोष्ट सांगतो, बाकीचं त्यावरच उभं आहे. बहुतेक जण नव्या कॉम्प्युटरवर बसून जुन्यातला डेटा ओढायला बघतात. ते उलट करा. जुन्यावर बसा आणि नव्यात ढकला.

कारण साधं आहे. जुन्या मशीनवर मालकाच्याच नावाने लॉगिन झालेलं असतं, त्याला त्याच्या फायली वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. नव्या मशीनवर एक रिकामं फोल्डर शेअर करायचं, बस्स. जुन्यावर शेअरिंग नको, नवीन यूजर नको, फायरवॉल उघडायला नको. ओढायला गेलात तर जुन्या विंडोजचा एकेक दरवाजा उघडावा लागतो. डेस्कटॉपची परवानगी, डॉक्युमेंट्सची परवानगी, आणि शेवटी 'ॲक्सेस डिनाइड' येतंच. अर्ध्या तक्रारी फक्त दिशा बदलल्याने संपतात. उरलेल्यांसाठी खालचा क्रम: वायर, पत्ता, फायरवॉल, पासवर्ड. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

वायर

कुठली वायर, हा पहिला प्रश्न असतो. "क्रॉस केबल पाहिजे ना?" असं आजही विचारतात. १०० एमबीपीएसच्या जुन्या कार्डांच्या काळात लागायची. आता पोर्ट स्वतःच ओळखतो की समोर स्विच (अनेक लॅन वायरी एकत्र जोडणारी डबी) आहे की दुसरा कॉम्प्युटर, आणि आतल्या आत अदलाबदल करून घेतो. दोनपैकी एका बाजूला गिगाबिट कार्ड असलं तरी साधी सरळ लॅन केबल पुरते. ब्रॉडबँडच्या राउटरबरोबर आलेली छोटी वायरसुद्धा चालते. नव्या लॅपटॉपला लॅनचं तोंडच नसेल तर यूएसबी-लॅन ॲडॉप्टर घ्या, पण तो यूएसबी ३ चा घ्या आणि यूएसबी ३ च्याच पोर्टात लावा.

दोन्ही टोकांना चपटा यूएसबी प्लग असलेली वायर मात्र दोन कॉम्प्युटरना कधीही जोडू नका. दोन्ही बाजू आपापले ५ व्होल्ट त्या वायरीत सोडतात. डेटा तर जात नाहीच, नशीब वाईट असेल तर पोर्ट जातो. यूएसबीने दोन कॉम्प्युटर जोडायची जी खास केबल मिळते तिच्या मधोमध एक फुगीर डबी असते, त्यात चिप असते. डबी नाही म्हणजे ती केबल यासाठी नाही. टाइप-सीचंही तसंच. दोन लॅपटॉप साध्या टाइप-सी चार्जिंग वायरने जोडून काही होत नाही. दोन्हीकडे थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ असेल आणि केबलही त्या लायकीची असेल तरच त्यावर नेटवर्क तयार होतं, आणि तेव्हा ते लॅनपेक्षाही वेगात पळतं.

दिवा लागला म्हणजे वायर चांगली, असं समजू नका. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत), इथरनेटवर डबल क्लिक करा आणि 'स्पीड' वाचा. १.० जीबीपीएस दिसलं तर छान. दोन्ही कार्डं गिगाबिट असून १०० एमबीपीएस दिसत असेल तर दोष वायरीत आहे.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हेच झालं होतं. दिवाणजी म्हणाले, "कालपासनं लावलंय, अजून अकरा तास दाखवतंय, तवर सौदं हुतील आमचं." स्पीड १०० दाखवत होता. वायर दुकानातच, ब्रॉडबँडवाल्याने क्रिंप केलेली, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवलेली. प्लग उजेडाकडे धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठ रंग ओळीने दिसायला हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सहा तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली होती. तपकिरी जोडी मात्र दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबली होती, आणि त्या दोन तारांवरच्या सोनेरी पात्या नुसत्या हवेत दाबल्या गेल्या होत्या. १०० एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या चारच तारा लागतात. इंटरनेट त्यावर मस्त चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. गिगाबिटला आठही लागतात. एक जोडी कमी पडली की बहुतेक कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात. प्लग कापून नवा मारला, स्पीड १.० जीबीपीएस झाला.

हा फरक किरकोळ नाही. १०० वर प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ५०० जीबीला साडेबारा तास. गिगाबिटवर ११० एमबीपर्यंत जातात, तेवढंच काम सव्वा तासात. जुनी फिरती हार्डडिस्क तेवढ्या वेगाने वाचून देत नाही, म्हणून दोन-अडीच तास धरा. तरी रात्रभर दुकान उघडं ठेवायची वेळ येत नाही.

पत्ता

राउटर असला की तो सगळ्यांना आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ज्याचा त्याचा नंबर, वाटतो. थेट जोडणीत राउटरच नाही, तर पत्ता देणार कोण? विंडोज मिनिटभर वाट बघतं आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेतं. बरेच जण हा आकडा बघून "नेटवर्क बिघडलंय" म्हणतात. बिघडलेलं नसतं. दोन्हीकडे १६९.२५४ असेल तर दोन्ही मशीन एकमेकांशी बोलू शकतात. पण तो पत्ता आपल्या हातात नाही, बदलूही शकतो. म्हणून हाताने द्या.

जुन्याला १९२.१६८.५०.१, नव्याला १९२.१६८.५०.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस रिकामे. मधला ५० मुद्दाम घेतलाय. घरच्या वायफायला साधारण १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असतं, आणि वायरीलाही तोच दिला तर विंडोजला कळत नाही की समोरचा वायरीच्या बाजूला आहे की वायफायच्या. सगळ्यात सोपं म्हणजे काम होईपर्यंत दोन्हीकडचं वायफाय बंद ठेवा. नाहीतर मधे गिगाबिट वायर आणि डेटा मात्र वायफायवरून रांगतोय, असं होतं. नावाने शोधल्यावर हे हमखास घडतं.

आता जुन्यावरून नव्याला पिंग करा, म्हणजे समोरचं मशीन हाकेला ओ देतं का ते 'पिंग' कमांडने बघा. पिंग यशस्वी झालं तर फायरवॉलच्या पुढे जा. नाही झालं तर काय उत्तर आलं ते नीट वाचा, कारण दोन वेगळ्या दुखण्यांची दोन वेगळी उत्तरं येतात आणि लोक दोन्हीला "पिंग होत नाही" एवढंच म्हणतात. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं, तेही स्वतःच्याच पत्त्यावरून, तर समोरचं मशीन सापडलेलंच नाही. वायर किंवा पत्त्याचा घोळ आहे, मागे जा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर बहुतेक वेळा समोरचा सापडलाय, पण त्याची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी', मग मोकळी जागा, मग 'डॅश ए' टाका. यादीत ५०.२ समोर बारा अक्षर-आकड्यांचा हार्डवेअर पत्ता दिसला की वायर आणि आयपी दोन्ही निर्दोष. त्यानंतर वायर बदलत बसण्यात अर्थ नाही.

फायरवॉल, आणि "काल चाललं होतं"

हीच ती पुन्हा पुन्हा येणारी अडचण. विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट ठरवतं. एखादं नेटवर्क आधी बघितलंय का, हे ते मुख्यतः गेटवेवरून ओळखतं. आपल्या दोन मशीनच्या वायरीत गेटवेच नाही. म्हणून विंडोज त्याला 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' म्हणतं, अनोळखी समजतं आणि पब्लिकमध्ये टाकतं. पब्लिकमध्ये फाइल शेअरिंग बंद. तुम्ही काल सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट केलं, चाललं. रात्री मशीन बंद झालं, सकाळी वायर पुन्हा जिवंत झाली, विंडोजच्या लेखी ते पुन्हा अनोळखी. पुन्हा पब्लिक. तुमचं काही चुकलेलं नसतं आणि कालचं सेटिंगही खोटं नसतं.

यावर दोन उपाय. नव्या मशीनवर विंडोज प्रो असेल तर 'सेकपॉल डॉट एमएससी' उघडा, 'नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज'मध्ये 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क्स' शोधा आणि तिथे प्रायव्हेट निवडा. होम आवृत्तीत हे दालनच नाही. तिथे कंट्रोल पॅनेलमधल्या डिफेंडर फायरवॉलमध्ये 'अलाउ ॲन ॲप' उघडून 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'समोर पब्लिकच्या रकान्यातही खूण करा. मला दुसरा जास्त पटतो. जे उघडलं ते एका टिकेत दिसतं आणि काम झाल्यावर एका टिकेत बंद होतं. याच नियमांच्या गटात पिंगची परवानगीही आहे, त्यामुळे टिक केल्या-केल्या पिंग सुरू होतं आणि आपल्याला लगेच कळतं.

पूर्ण फायरवॉल बंद करायचा सल्ला ऐकू नका. अँटिव्हायरसबरोबर वेगळी फायरवॉल आलेली असेल तर विंडोजचे नियम तिच्यापुढे चालत नाहीत. ती उघडून तिच्यात वायरीचं नेटवर्क 'होम' किंवा 'ट्रस्टेड' करा.

आणि 'नेटवर्क'चं चिन्ह उघडून समोरचं मशीन दिसायची वाट बघत बसू नका. ती यादी वेगळ्याच सेवांवर चालते, कधी भरते कधी नाही. विंडोज आणि आर दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच १९२.१६८.५०.२ टाका. यादीत न दिसणारं मशीन इथे उघडतं. '८००७००३५' ने संपणारा एरर आला तर याच पायरीवर अजून काहीतरी राहिलंय.

जुनं मशीन विंडोज एक्सपीचं असेल तर मात्र थांबा. एक्सपीला एसएमबीची (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) पहिलीच आवृत्ती येते, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळातच बंद करून दिली जाते. "एसएमबी १ चालू करा, होईल" असं सांगणारे भरपूर भेटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच भोकातून. एक्सपीच्या मशीनची हार्डडिस्क काढा, तिच्या जातीच्या कनेक्टरच्या यूएसबी केसमध्ये घाला आणि नव्याला लावा. एक्सपीच्या काळातल्या डिस्क असतातच केवढ्या! विंडोज ७ पासून पुढे ही अडचण नाही.

पासवर्ड मागतंय

आयपी टाकल्यावर 'एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स'ची खिडकी आली, म्हणजे वायर, पत्ता, फायरवॉल तिन्ही पार झाले. इथे आनंद व्हायला हवा, पण लोक इथेच सगळ्यात जास्त चिडतात. "पासवर्डच नाही हो आमचा!"

नेमकं तेच कारण. ज्या लोकल खात्याला पासवर्ड नाही त्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. एंटर कितीही दाबा. दुसरा घोळ पिनचा. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेला असतो आणि रोज चार आकडी पिनने उघडतो. तो पिन फक्त त्या मशीनच्या समोर बसणाऱ्यासाठी आहे, वायरीवरून चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो दुकानदाराला सोडा, खातं उघडून देणाऱ्यालाही आठवत नाही.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करायचा सोपा मार्ग लोक सांगतात. पूर्वी चालायचा. पण बिनओळखीचा पाहुणा आत घेणं मायक्रोसॉफ्टने आवृत्तीगणिक आवळत आणलंय, त्यामुळे एका मशीनवर चाललं ते दुसऱ्यावर चालेलच असं नाही. त्यापेक्षा नव्या मशीनवर या कामापुरता एक लोकल यूजर करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्स, ॲड अकाउंट. ईमेल विचारेल, तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' अशा अर्थाची ओळ असते, ती निवडा आणि पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा. नाव इंग्रजीत, छोटं, मधे जागा नसलेलं. पासवर्ड द्याच.

मग नव्यावर एक रिकामं फोल्डर करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब. तिथे दोन बटणं आहेत आणि इथेही नेहमी गफलत होते. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' फक्त नेटवर्कची परवानगी देतं, डिस्कवरची परवानगी बदलत नाही. दोन्ही असल्याशिवाय आत लिहिता येत नाही. वरचं साधं 'शेअर' बटण दोन्ही देतं. तेच दाबा, नवा यूजर निवडा आणि 'रीड/राइट' करा.

जुन्यावर क्रेडेन्शियल्स टाकताना नुसतं यूजरचं नाव टाकू नका. आधी नव्या कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग यूजर. नाहीतर जुनं मशीन स्वतःचंच नाव पुढे लावून पाठवतं. बरोबर टाकूनही १२१९ क्रमांकाचा एरर आला तर आधीच्या चुकीच्या नावाची जोडणी अजून उघडी आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद काढा आणि एकदा लॉगआउट करून या.

कॉपी मधेच थांबते

दोनशे जीबीतले ऐंशी गेले आणि 'स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल' आलं, तर पहिला संशय झोपेचा. दोन्हीकडे स्लीप 'नेव्हर' करा, लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवा, चार्जर लावलेला ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी असते, तीही काढा. आपल्याकडे दुपारी लाइट जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून जुना डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी आधी बघून घ्या.

पंचवीस-तीस जीबीच्या वर डेटा असेल तर माउसने ओढण्यापेक्षा रोबोकॉपी वापरा. विंडोजमध्येच आहे, वेगळं टाकावं लागत नाही, आणि मधे तुटलं तर पुन्हा तीच कमांड दिली की राहिलेलंच उचलतं. कमांड अशी: रोबोकॉपी, मग जुनं फोल्डर, मग नव्या मशीनवरचं फोल्डर, आणि शेवटी हे पर्याय: /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१. अक्षरं इंग्रजी टाकायची. शेवटचे दोन विसरू नका. एखादी फाइल उघडी असल्याने वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर प्रयत्नात ३० सेकंद थांबून. हिशेब केला तर एका अडकलेल्या फायलीपायी जवळजवळ वर्षभर. लोक म्हणतात रोबोकॉपी हँग झालं. हँग झालेलं नसतं, इमानेइतबारे वाट बघत असतं. एक्सजे नसेल तर यूजरच्या फोल्डरमधल्या आडवाटांनी ते स्वतःच्याच आत फिरत राहतं. आणि इंटरनेटवरून उचललेल्या कमांडमध्ये /एमआयआर दिसलं तर ते काढून टाका. जुन्यात नाही ते सगळं ते नव्यातून पुसतं. चुकीच्या फोल्डरवर चाललं तर बोंब मारूनही परत येत नाही.

संपल्यावर तीच कमांड पुन्हा चालवा. शेवटच्या तक्त्यात 'कॉपीड' खाली शून्य आणि 'फेल्ड' खाली शून्य आलं की काम झालं. 'फेल्ड'मध्ये आकडा असेल तर वर स्क्रोल करून कुठल्या फायली ते बघा. त्या बहुतेक त्या वेळी उघड्या असलेल्याच असतात.

टॅलीचं त्यामुळेच सांगतो. टॅली बंद करूनच कॉपी करा, आणि दुसऱ्या टेबलावरच्या मशीनवरून तोच डेटा कुणी उघडला नाही ना ते बघा. डेटाच्या फोल्डरमध्ये कंपनीच्या नावाऐवजी १०००० सारख्या आकड्यांची फोल्डरं असतात. एकच कंपनी दिसली म्हणून एकच उचलू नका, मागच्या वर्षांची दुसऱ्या आकड्यांखाली असू शकतात. शिवाय टॅलीतून रीतसर बॅकअप घेऊन ठेवा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की तो पर्याय मिळतो.

प्रिंटिंग प्रेस आणि डीटीपीवाल्यांची वेगळीच गोची. लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली नव्यात आल्या, उघडल्या, आणि 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. फाइल खराब झालेली नसते. जुने श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट युनिकोड नाहीत, आत साठवलेली अक्षरं खरंच इंग्रजीच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट आणला नाही तर चेहरा जातो. विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही कॉपी करा. विंडोज १० वर एखाद्याने फक्त स्वतःपुरता फॉन्ट टाकला असेल तर तो त्याच्या 'ॲपडेटा'च्या आत लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा लपलेला असतो. डोंगलवर (परवान्यासाठी लावायच्या छोट्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर ते नव्यात नव्याने टाकावं लागतं, फायली उचलून ते येत नाही.

अख्खी डिस्क उचलायची असेल तर

"विंडोजसकट जसाच्या तसा नव्यात टाका" असं सांगणारे बरेच. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनचं विंडोज नव्या मदरबोर्डवर टाकण्यात मला शहाणपण दिसत नाही. बूट होईलच असं नाही, झालं तर ड्रायव्हरचा गोंधळ, आणि लायसन्सचा प्रश्न वेगळा. पण जुन्या डिस्कची पूर्ण प्रत जपून ठेवायची असेल तर याच वायरीवर क्लोनझिला हे डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरता येतं. दोन्ही मशीन त्याच्या पेनड्राइव्हवरून सुरू करायची, एकाला रिमोट सोर्स आणि दुसऱ्याला रिमोट डेस्टिनेशन करायचं. विंडोज चालूच नसल्याने फायरवॉल आणि पासवर्डचा प्रश्नच येत नाही. फक्त लक्षात ठेवा, ज्या डिस्कवर प्रत उतरते ती डिस्क पूर्ण पुसली जाते. ती डिस्क आकाराने जुनीएवढी किंवा मोठी हवी. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर घ्या.

जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा फोल्डर उघडायला मिनिटभर लागत असेल, तर वरचं काहीच करू नका. रोबोकॉपी नाही, एक्सप्लोरर तर नाहीच. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रत्येक वाचन मोजून असतं, आणि विंडोज खराब जागीच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतं. ती डिस्क काढून लिनक्सवर डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत घ्या. ते चांगले भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर. ते जमणार नसेल तर मशीन बंद करून जाणकाराकडे न्या. चालू ठेवून विचार करत बसू नका.

पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना पुढचं सांगायला नको. कोयनेतून विसर्ग वाढला की हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठेतून फोन सुरू होतात, "आज रात्रीत सगळं कॉपी होईल का?" पाणी चढत असताना कॉपी करू नका. लाइट कधी तोडतील सांगता येत नाही, आणि अर्धवट कॉपीवर विसंबून मशीन खालीच राहिलं तर दोन्ही गेलं. सगळ्या वायरी काढा, सीपीयू उचला आणि वरच्या मजल्यावर न्या. सीपीयू जड असेल तर चार स्क्रू काढून फक्त हार्डडिस्क खिशात घाला. मॉनिटर, प्रिंटर भिजला तर नवा येतो.

काम झाल्यावर आवरून ठेवायला विसरू नका. फायरवॉलमधली पब्लिकची टिक काढा, विशेषतः तो लॅपटॉप घेऊन कुणी हॉटेलात, कॉलेजात जाणार असेल तर. कामापुरता केलेला यूजर काढा, फोल्डरचं शेअरिंग बंद करा. आणि दोन्हीकडचा आयपी पुन्हा 'ऑब्टेन ऑटोमॅटिकली' करा. हे राहिलं तर आठवड्याने ब्रॉडबँडची वायर त्याच पोर्टात जाते, नेट चालत नाही, ब्रॉडबँडवाला म्हणतो "आमच्याकडनं लाइन ओके आहे", तुम्ही म्हणता कॉम्प्युटर नवा कोरा आहे, आणि तिकडे ५०.२ निवांत बसलेला असतो.